मुंग्यांची साखर

काळजी करायला मला कारण लागत नाही. आई म्हणायची, या पोरीला पाळण्यात घातलं की ही आढ्याकडं बघून दचकायची, आता हे पडतंय की मग. "मन चिंती ते वैरी न चिंती," असं सुनावून ती कामाला लागायची. लग्न होऊन मी तुळजापूर तालुक्यात, अणदूरच्या अलीकडच्या एका गावात आले, तेव्हा माझ्या रुखवतात भांडी बेताची आणि काळजी भरपूर होती. निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. कचेरीतले कागद हळूहळू मराठीत यायला लागले होते, पण आमच्या सासऱ्यांचं बोलणं अजून वक्त, फिकीर आणि बंदोबस्त यांच्याशिवाय पुढं सरकत नव्हतं.

त्या घरात मला धीर देणारं माणूस एकच, माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायचे. मी घरात आले त्याआधीच तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, विषमज्वरानं गेले होते. मूलबाळ नव्हतं. तरी आक्का त्या घरात मान खाली घालून राहत नव्हती, आणि त्याला कारण होतं विहिरीच्या खालच्या अंगाची लिंबोणीची बाग.

ती झाडं दिरांनी स्वतःच्या हातानं लावली होती. पहिलं फळ धरायच्या आत ते गेले. तेराव्यानंतर आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चार माणसांत सांगितलं होतं, "लिंबोणी थोरलीच्या. तिनं करावं, तिनं खावं." कागद झाला नव्हता, शब्द झाला होता. त्या शब्दावर आक्का उभी होती. मोट चालू झाली की पाटाचं पाणी ती स्वतः झाडांच्या आळ्यात वळवायची, काट्यांनी हात फोडून घ्यायची, आणि लिंबं बैलगाडीतून नळदुर्गाच्या नाहीतर तुळजापूरच्या बाजाराला धाडायची. स्वतःचं लुगडं स्वतः घ्यायची. माझ्या पहिल्या बाळंतपणात डिंकाचे लाडू झाले ते त्याच लिंबांवर. घरातली बाकीची माणसं मला काही बोलली की आक्का मधे पडायची, आणि तिच्या बोलण्याला वजन असायचं. हातात काही असलेल्या बाईच्याच बोलण्याला वजन असतं, हे मला तिथं कळलं.

बागेत आक्काचा एक नियम होता. रोज सकाळी पदरात ज्वारीचं पीठ आणि साखर कालवून घ्यायची आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी मुंग्यांना चिमूट चिमूट घालायची. खंडोबाच्या देवळातल्या एका म्हाताऱ्या गुरवानं तिला सांगितलं होतं की तरणं माणूस गेलं की त्याचा जीव अन्नात अडकतो, मुंगीच्या तोंडी घातलं की त्याला पोचतं. आबा कुरकुरायचे, "आमच्या च्यात गूळ अन् मुंग्यांला साखर." पण अडवलं त्यांनी कधी नाही. मुलगा त्यांचाही होता.

त्या साली दिवाळीनंतर झाडांच्या बेचक्यांत पांढरं काहीतरी दिसायला लागलं. आधी वाटलं कुठून कापूस उडून आला असेल. मग तो कापूस वाढला. त्याच्या खालची पानं चिकट झाली, इतकी की हात लावला तर पान हाताबरोबर यायचं. त्या चिकट्यावर काजळी धरली. संक्रांतीपर्यंत अर्धी बाग चुलीच्या धुराड्यावर धरल्यासारखी काळी पडली. फुलं आली ती पिवळी पडून गळाली. मी रोज धुणं घेऊन विहिरीवर जायचे आणि रोज मला ती काळी पानं कालच्यापेक्षा जास्त वाटायची. आक्का म्हणायची, "तू मोजत बसू नको, तुझ्या मोजण्यानं वाढायलंय ते." हसायची, पण तिचंही हसणं वरवरचं होतं.

आबांनी दोन झाडांवर पांढरी पावडर मारून बघितली. वास आठ दिवस घरापर्यंत आला. बांधावरच्या मधमाशा मेल्या, झाडांवरचा कापूस तसाच राहिला. मग एका सकाळी ओसरीवर बसून त्यांनी निकाल दिला. "पाडव्यापर्यंत बगू. न्हाय सुदारलं तर झाडं काढू, औत घालू अन् ऊस लावू. पाण्याची जागा हाय, वाया कशाला घालवायची." आणि मग दाराआड उभ्या असलेल्या आक्काला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थोरलीला काय आमी टाकत न्हाय. पर बाग गेल्यावर हितं राबून मरण्यापरीस भावाकडं कळंबला ऱ्हावं तिनं. सुकानं ऱ्हाईल."

आबा हे चांगल्या मनानं बोलले. तेच तर वाईट होतं. त्यांना खरंच वाटत होतं की कळंबला ती सुखात राहील. मागं एकदा आक्का भावाकडं महिनाभर राहून आली होती. भावाच्या बायकोबद्दल ती एक शब्द बोलली नाही, पण तिच्या चोळीच्या बाह्या ढिल्या झालेल्या मी पाहिल्या होत्या. कळंब म्हणजे काय हे तिला माहीत होतं आणि मलाही. आणि मला माझीही भीती वाटत होती. ती गेली तर त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं कोण?

माझ्या मालकांना वहिनीबद्दल माया होती. त्यांनी ब्लॉकच्या कचेरीतून शेतकी खात्याचा एक तरुण माणूस आणला. तो सायकलवरून आला, डोक्याला टोपी, पायजम्याला खाली क्लिपा. त्यानं एक फांदी वाकवली, भिंगातून बघितली आणि सांगितलं की हा कापूस नव्हे, हे किडे आहेत, पिठ्या म्हणतात, झाडाचा रस पितात आणि चिकटा सोडतात. अंगावर मेणाचं कवच आहे, पावडर त्याच्या आत जात नाही. पावडरीनं मरतात ते यांना खाणारे किडे. मग त्यानं पिशवीतून पुठ्ठ्याच्या डब्या काढल्या. प्रत्येक डबीत कापसात बसलेले काही ढालकिडे होते, मसुरीच्या डाळीएवढे, पाठीवर गोल, तकतकीत. हे पिठ्याला खातात, म्हणाला. आक्कानं डबी हातात घेतली आणि विचारलं, "एवढंसं हे खाऊन खाऊन किती खाणार?"

"आई, हे खातात आणि यांची पिल्लं त्याहून जास्त खातात. फक्त मुंग्यांचा बंदोबस्त करा," असं म्हणत तो सायकलवर बसला. त्याला अजून दोन गावं करायची होती.

त्याच्या शेवटच्या वाक्याकडं आम्ही लक्ष दिलं नाही. आम्ही किडे सोडले आणि बघत बसलो. एक ढालकिडा फांदीवर चालत पिठ्याच्या झुबक्याजवळ गेला. तो तोंड लावणार एवढ्यात खोडावरून मुंगळ्यांची रांग वर आली. दोघा-तिघांनी त्याला घेरलं. त्यानं पाय आत ओढून घेतले आणि पालथी वाटी ठेवावी तसा फांदीला चिकटून बसला. मुंगळे त्याच्या कडेनं दात खुपसायला जागा शोधत राहिले. शेवटी त्याचा एक पाय त्यांना सापडला आणि तो खाली पडला. आळ्यात पडल्यावर काय झालं ते मी बघितलं नाही. आक्कानं बघितलं. मुंगळे मग पिठ्यापाशी परतले आणि मिशांनी त्याला थोपटायला लागले. पिठ्याच्या मागच्या टोकाला चिकट्याचा थेंब आला, तो त्यांनी प्यायला. म्हशीला पान्हा फोडायला आपण कास चोळतो, अगदी तसं.

"हे राखण करायलेत," आक्का हळू म्हणाली. "ह्यांची दुभती जनावरं हायेत ती."

किडे मुंगळ्यांच्या तावडीतून काही वाचले, काही गेले. मग आम्ही आमच्या परीनं मदत करायची ठरवली आणि नुकसानीत भरच घातली. ओल्या फडक्यानं हाताला येईल तिथला कापूस पुसून काढायचा असा धडाका लावला. पुसताना मला त्यात काही मोठे, जास्त लोकरीचे, पांढऱ्या दशा लोंबणारे किडे सापडायला लागले. ते बाकीच्यांपेक्षा चपळ होते. मला वाटलं हे त्यांचे म्होरके. त्यांना मी नखानं चिरडायचे, आणि मला समाधान वाटायचं. दुसऱ्या खेपेला सायकलवाला आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याला एक म्होरक्या दाखवला. त्याचा चेहराच पडला. ती ढालकिड्याची पिल्लं होती. पिठ्याचंच सोंग घेऊन पिठ्यात राहतात, म्हणजे मुंगळ्यांना ओळखू येत नाहीत. मुंगळे फसले होते आणि मीही. मात्र त्यांनी पिल्लांना जिवंत ठेवलं होतं आणि मी मारलं होतं. "पळतंय ते आपलं, बसून राहतंय ते वैऱ्याचं," एवढं त्यानं शिकवलं. त्यानंतर कितीतरी दिवस मला झाडाला हात लावायचं धैर्य झालं नाही.

या वेळी मुंग्यांचा विषय त्यानं पुन्हा काढला. मुंग्या वर चढतायत तोवर ढालकिड्यांचा टिकाव लागणार नाही. तो गेल्यावर मी झाडाच्या बुडाशी बघितलं. सकाळी घातलेली पीठसाखर, तिच्याभोवती काळा गोळका, आणि तिथूनच वर चढणारी रांग. मी चार इयत्ता शिकलेली. वासरात लंगडी गाय शहाणी. माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला की आपणच या मुंग्या पोसतोय.

हे आक्काला सांगायला मला दोन दिवस लागले. भाकरी थापताना तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटी विहिरीवर सांगितलं, "आक्का, तुमी साखर घालायची बंद करा. तुमच्या साखरंवर ह्या जगायल्यात."

ती कपडे पिळायची थांबली. "त्येच्या तोंडातला घास काढू म्हणतीस?"

पण पाडवा जवळ येत होता. मी म्हणाले, "झाडं बी त्यांनीच लावल्यात न्हवं."

दुसऱ्या दिवशी ती पदरात काही न घेता बागेत गेली. बांधावर बसून राहिली. तिच्याकडं बघून मला वाटलं, मी तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मारलं.

आणि एवढं करून झालं उलटंच. साखर बंद झाल्यावर मुंगळे कमी होतील असं मला वाटलं होतं. चार-पाच दिवसांत खोडं दिसेनाशी झाली, इतके ते वर चढायला लागले. आधी एक रांग होती तिथं तीन झाल्या. खाली मिळायचं ते बंद झालं म्हणून सगळी वस्ती वरच्या चिकट्यावर येऊन पडली. पिठ्याची राखण दुप्पट झाली. दुसऱ्या खेपेला सोडलेले ढालकिडे फांदीवर ठरेनात. माझ्याच सांगण्यावरून हे झालं होतं. आबा एकदा येऊन बघून गेले. त्यांनी विहिरीकडून बांधापर्यंत पावलं टाकत जमीन मोजली. उसाच्या सऱ्या किती बसतील ते बघत होते.

त्या दिवशी आक्का माझ्यावर चिडली. ती सहसा चिडायची नाही. "घरी जेवाय न्हाय मिळालं तर माणूस शेजारी जातंय. ह्येवढं तुला कळंना, अन् चार बुकं शिकलीस म्हणे. उपाशी जिवाला भलं-बुरं कळतंय व्हय?" तिनं घरात जाऊन परातभर पीठ घेतलं. साखरेचा डबा उपडा केला. चहालाही उरली नाही. आणि ती बागेत गेली. मला वाटलं, आता पुन्हा झाडांच्या बुडाशी घालणार. पण तिनं तसं केलं नाही. ती थेट बांधापलीकडच्या कडुनिंबाखाली गेली आणि तिथं सगळं ओतलं. एका झाडाच्या रांगेतल्या मुंगळ्यांना तिनं बोटानं पिठाची बारीक रेघ काढून दिली, बांधापर्यंत. जत्रेत चुकलेल्या पोराला वाट दाखवावी तशी.

"त्यानं काय झाडाच्या बुडाशीच जेवावं असं कुटं हाय," ती म्हणाली. "निंबाखाली सावली बी हाय."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. गाडीच्या आखाचं वंगण आणलं. चिंध्या त्यात बुडवून प्रत्येक खोडाला आवळून बांधल्या, म्हणजे वर चढणाऱ्याचे पाय चिकटावेत. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, कारण मुंगळे त्या पुलावरून वर जायचे. एका झाडावर ते तरी दिसत राहिले. खोडाला वंगण, फांदी टेकलेली नाही, मग येतात कुठून? अर्धा दिवस मी त्या झाडाभोवती फिरले. शेवटी दिसलं, आळ्यात वाढलेला हरळीचा एक काडा वाऱ्यानं पानाला टेकत होता. एवढ्या एका काड्यावरून ते जात होते. तो काडा उपटला तेव्हा मला थोडं हायसं वाटलं, पण लगेच मी दुसऱ्या झाडांचे काडे शोधायला लागले.

पंधरवड्यात फरक दिसायला लागला. निंबाखाली मुंगळ्यांची गर्दी आणि लिंबोणीवर ढालकिडे. पळणारी पांढरी पिल्लं दर झुबक्यात दिसायला लागली. त्यांच्या मागं नुसती मेणाची टरफलं राहायची. नवी कोवळी पालवी फुटली, हिरवीगार, काजळी नसलेली. दुसरं कुणी असतं तर निवांत बसलं असतं. मी त्या पालवीवर डोळे लावून बसले, आणि मला दिसलं जे दिसायला नको होतं. पानांवर चिमणीच्या शिटेसारखे ठिपके होते. काडीनं टोचलं तर ठिपका हलला. अळ्या होत्या. चार दिवसांत त्या हिरव्या आणि करंगळीएवढ्या झाल्या आणि पालवी शेंड्यापासून खाली सफाचट करायला लागल्या. डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढायच्या आणि असा उग्र वास सोडायच्या की जेवण जायचं नाही.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. लिंबोणीला अळ्या दर साली थोड्याफार पडत, पण आक्का म्हणाली, इतक्या तिनं कधी बघितल्या नव्हत्या. आणि दोघींनाही एकदमच कळलं. इतकी वर्षं त्या अळ्यांना लहानपणीच उचलून नेणारे कोण होते, तर हेच मुंगळे. पिठ्याचे राखणदार आणि अळ्यांचे मारेकरी एकच. आम्ही त्यांना खाली उतरवलं आणि अळ्यांना रान मोकळं झालं.

"वंगण काढू या का?" मी म्हणाले. "निदान अर्ध्या झाडांचं."

"काढलं तर पिठ्या वर, ठेवलं तर अळी वर," आक्का म्हणाली. "पाडवा आठवड्यावर आलाय. गप जरा, मला बगू दे."

पण मला गप्प बसवत नव्हतं. घरी येऊन मी मालकांना म्हणाले की आबांना सांगून अळ्यांवर तरी पावडर मारावी. ते म्हणाले, पावडरीनं अळ्या मरतील आणि ढालकिडे आधी मरतील. हे मलाही माहीत होतं. तरी मला काहीतरी करायला हवं होतं. भीतीत माणसाला शहाणपणापेक्षा हालचाल बरी वाटते. मी काट्यांत हात घालून अळ्या वेचायला लागले. वेचता वेचता माझ्या कानाजवळून घूं घूं आवाज गेला. गांधीलमाशी होती. ती माझ्यासमोरच्या अळीवर उतरली, अळीनं शिंगं काढली, वास सोडला, पण तिच्यावर काही परिणाम झाला नाही. तिनं अळीचा तिथंच लोळागोळा केला आणि तो पायांत धरून विहिरीकडं उडाली. विहिरीच्या कपारीत त्यांचं पोळं होतं. दरवर्षी आबा ते जाळायचे. त्या वर्षी बागेच्या भानगडीत राहून गेलं होतं.

त्या दिवसापासून मी गांधीलमाश्यांची वाट बघायला लागले. त्यांनी अळ्या न्याव्यात म्हणून जीव टांगणीला, आणि त्या ढालकिड्यांवर उतरतील म्हणूनही जीव टांगणीला. एकदा कोळ्याच्या जाळ्यात ढालकिडा अडकलेला बघितला तर मी जाळं मोडलं. आक्का म्हणाली, "कोळी काय नुसतं तुझंच खातोय? वैऱ्याचं बी खातोय की. कुणाकुणाची घरं मोडशील?" तिचं खरं होतं. त्या झाडावर कोण आपलं आणि कोण परकं हे सरळ सांगता येईल असं एकही जितराब नव्हतं.

पाडव्याला आबा सकाळीच बैल घेऊन बागेत आले. मी घागर घेऊन मागोमाग गेले, पदर पुढं ओढून विहिरीच्या आडोशाला उभी राहिले. आक्का तिथं आधीच होती, निंबाखाली मुंग्यांना घालून हात झटकत. आबांनी खोडाची वंगणाची चिंधी बघितली. फांदी वाकवली. पालवी कुरतडलेली होती, पण अळी नव्हती. बेचक्यात मेणाची वाळकी टरफलं होती. त्यांनी ती बोटानं झटकली आणि खाली मोहरीएवढं हिरवं फळ धरलेलं दिसलं. दुसऱ्या झाडावर गेले, तिसऱ्यावर गेले. मग गड्याला म्हणाले, "बैल फिरीव." एवढंच. मी घागर भरून डोक्यावर घेतली आणि घरी पोचेपर्यंत अर्धं पाणी माझ्या अंगावर सांडलं.

त्या आषाढात बाग लिंबांनी वाकली. गाडी भरभरून बाजाराला गेली. सोलापूरचा एक व्यापारी बांधावर येऊन बघून गेला. वाटेनं जाणारे लोक थांबून बघायचे आणि आबांना रामराम घालून म्हणायचे, "पाटील, बाग झ्याक धरलीय तुमी." आबा मान हलवायचे. "थोरलीची हाय," असं म्हणायचं ते हळूहळू विसरले.

पोळ्याच्या जेवणात ते पाटावर बसले होते, शेजारी माझे मालक. मी वाढत होते, आक्का चुलीपाशी होती. आबा म्हणाले, "बागेचा पसारा वाढला. बाईमाणसाच्यानं आवरायचा न्हाय. पुडल्या पाडव्यापासनं धाकट्यानं जिम्मा घ्यावा. थोरलीला लागंल तेवडं घरातनं मिळंलच. तिला फिकीर नको."

माझे मालक खूश झाले. का होऊ नयेत? त्यांनीच सायकलवाल्याला आणलं होतं. मी वरणाची पळी हातात धरून उभी राहिले. बाग माझ्या नवऱ्याकडं येत होती, म्हणजे माझ्या पोरांकडं. आणि मला आनंद होत नव्हता. आक्का कळंबला जाणार नव्हती, एवढंच. पण पाडव्यापासून तिला लुगडं मागावं लागणार होतं. बाग मरायला टेकली तेव्हा ती तिची होती. जगली आणि घराची झाली. चुलीपाशी आक्कानं भाकरी उलटली. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या संक्रांतीनंतर मी एकदा बागेत गेले. वाटेकडच्या अख्ख्या ओळीवर पांढरा कापूस होता. पानं चिकटलेली, काजळी धरलेली, खोडांवर मुंगळ्यांची रांग. मी धावत आत गेले. आतली झाडं स्वच्छ होती, ढालकिड्यांनी भरलेली, फुलावर आलेली. पुन्हा बाहेर आले आणि बघितलं, वाटेकडच्या झाडांच्या वंगणाच्या चिंध्या नव्हत्या. गळून पडल्या नव्हत्या, गाठी सोडून काढलेल्या होत्या. आणि त्या झाडांच्या बुडाशी पीठसाखर होती, जेमतेम चिमूटभर.

आक्का आळ्यातलं तण काढत होती. "आक्का, रोग परत आला," मी म्हणाले. "चिंध्या कुणी काढल्या?"

"म्या," ती म्हणाली. "सायकलवाला परवा आलता. म्हणला, पिठ्या पार मारू नका, न्हायतर ढालकिड्यांला खायाला काय ऱ्हाईल? उपाशी मरतील न्हायतर उडून जातील. थोडी कीड राकून ठेवावी लागती."

"पर ह्या वाटंवरच्याच ओळीला का? समद्यांच्या नजरंला पडतंय हितं."

तिनं खुरपं खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, ती माझ्याकडं जाऊ म्हणून बघत नव्हती. धाकट्याची बायको म्हणून बघत होती. मग ती म्हणाली, "लई चांगली दिसली की घेत्यात. लई रोगट दिसली की उपटत्यात. मधे ठेवायचीय मला. जमंल तोवर ठेवीन." आणि पुन्हा तण काढायला लागली. मला कुणाला सांगू नको असं ती म्हणाली नाही.

माझे मालक बांधावरून येताना दिसले. पाडव्याला महिना-दीड महिना राहिला होता, ताबा घ्यायचा तर आधी बघून घ्यावं म्हणून आले असतील. वाटेकडच्या ओळीपाशी ते थांबले, पानाला हात लावून बोटं बघितली. आत येणारच होते. "हे पुन्ना आलं का?" त्यांनी मला विचारलं. आक्काचं खुरपं चालू होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"व्हय," मी म्हणाले. "अन् औंदा लई जोरात हाय. आतल्या झाडांवर बी चढायलंय. मला तर काय लक्षण बरं दिसंना. तुमी हा जिम्मा घेऊ नका. बाग हातात आली अन् वाळली तर आबा तुमालाच बोल लावतील."

ते आत आले नाहीत. चुकचुकले, धोतराला बोटं पुसली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग वैनीकडंच, तिलाच जमतंय ते." मी काळजी करते हे त्यांना माहीत होतं, मी खोटं बोलते हे माहीत नव्हतं. ते गेल्यावर आक्का उठली, वाटेकडच्या ओळीतल्या एका झाडापाशी गेली आणि पदरातून अजून चिमूटभर पीठसाखर काढून तिनं ती माझ्या हातावर ठेवली.